बाजूच्या खोलीतला वस्तरा

शपथ घालायची तर तिला मुदत घालावी. एवढी साधी गोष्ट तुमच्यासारख्या बाईला सुचू नये? पुरणाच्या पातेल्यावर माझा हात ठेवून तुम्ही माझं तोंड बंद केलं आणि आपण मोकळ्या होऊन निघून गेल्या. तुम्ही जाऊनही आता चाळीस वर्षं होत आली, आत्याबाई. मामाजी गेले, शेजारच्या काकू गेल्या, तुमचा मुलगा गेला, नागपूरच्या महाल भागातलं घर विकून आम्ही नंदनवन वस्तीत राहायला आलो, ते पातेलंसुद्धा मोडीत गेलं. शपथ तेवढी माझ्या गळ्यात राहिली. सासू म्हणून तुम्ही मला जे काही दिलं त्यात सगळ्यात टिकाऊ तीच निघाली. ती मी परवा रविवारी मोडली. घरात कुजबुजून नाही, माइकवर मोडली. तुम्हाला राग येणार हे ठाऊक आहे, पण आधी माझं सगळं ऐकून घ्या. सून होते तेव्हा तुम्ही माझं कधी पूर्ण ऐकलं नाही, आता तुम्हाला उठून जाता येत नाही.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, म्हणून अक्षर असं. नातसून म्हणाली, आजी, तुम्ही नुसतं बोला, फोन आपोआप लिहून घेतो. मी म्हटलं, राहू दे, तो आणखी चार घरी सांगेल. तिच्याकडून वही घेतली आणि गॅलरीत बसले आहे. खाली भाजीवाला ओरडतोय, कोणी मध्ये येत नाही.

लग्न होऊन महिना झाला नव्हता तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा त्या खोलीत बसवलं. अंगणाच्या मागे, विहिरीच्या पलीकडे, वर टिनाचं छप्पर, आत एक कांबळं, एक जर्मनची थाळी, एक लोटा. महिन्याचे चार दिवस बाईने तिथे बसायचं, कशाला शिवायचं नाही, कोणी तिला शिवायचं नाही. सगळे तिला बाजूची खोली म्हणत. खोली वाईटच होती. उन्हाळ्यात भट्टी, पावसाळ्यात गळकी. पण खरं सांगू, सतरा वर्षांच्या पोरीला ती आवडलीसुद्धा, कारण चार दिवस तुम्ही मला काम सांगू शकत नव्हत्या. तिसऱ्या दिवशी मी चिंचेचा गोळा लपवायला वरच्या कोनाड्यात हात घातला तर हाताला चिंधी लागली. चिंधी सोडली तर आत वस्तरा. दाढी करायचा, हस्तिदंती मुठीचा, पात्याला गंज चढलेला. मी तो तसाच हातात धरून बसले. या खोलीत पुरुषाची सावली पडत नाही. मामाजींची दाढी दर रविवारी न्हावी येऊन ओसरीवर करायचा. मग हा कोणाचा? आणि चिंधी लुगड्याच्या काठाची, हिरव्यावर लाल, तसाच काठ तुम्ही नेहमी नेसायच्या.

त्या दिवसापासून अकरा वर्षं मी तुमच्यावर डोळा ठेवला. दूधवाल्याशी तुम्ही दोन शब्द जास्त बोलल्या की मी मोजायची. कोणी पाहुणा मागच्या दाराने आला की मी उंबऱ्यात. एकदा काकणवाल्याशी हसले म्हणून तुम्ही मला सगळ्यांसमोर झापलं. म्हणाल्या, “घरच्या सुनीनं दात दाखवत बसावं काय वं?” मीही तेव्हा वाकड्या जिभेची. म्हटलं, “माह्या कोनाड्यात त कोणाचा वस्तरा नाई न.” तुम्ही माझ्याकडे पाहिलं, पदर तोंडाला लावला आणि सरळ आत गेल्या. मला वाटलं, रडत आहात. जिंकले म्हणून मी त्या दिवशी दोन भाकरी जास्त खाल्ल्या. तुम्ही आत जाऊन हसत होत्या, हे मला अजून काही वर्षांनी कळायचं होतं.

ते कळलं मामाजींना ताम्रपट मिळाला त्या दिवशी. बेचाळीसच्या चळवळीत जेल झालेल्यांना सरकार देत होतं, तसा त्यांनाही मिळाला. जेल झाली ही गोष्ट खरी. कशी झाली, ती मात्र त्यांनी कधी धड सांगितली नाही. कचेरीतून येताना मोच्याकडे शिवायला टाकलेली चप्पल आणायला गेले, तिथे मोर्चा आला, पोलीस आले, आणि एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत त्यांना गाडीत घातलं. हातातली चप्पल पोलिसाला मारण्यासाठी होती, असं कागदावर लिहिलं गेलं. तर तो ताम्रपट घेऊन ते घरी आले, बैठकीत हार, पेढे, शेजारपाजार. आपण दोघी स्वयंपाकघरात पुरण वाटतोय, आणि पलीकडच्या काकू मदतीला आलेल्या. त्या तेव्हा विधवा, त्यांचे हवालदार जाऊन चार वर्षं झालेली. बैठकीतून मामाजींचा आवाज येतो, “देशासाठी जे जमलं ते केलं.” आणि काकू हसायला लागतात. आधी गालात, मग पोटात, मग पाटा सोडून भिंतीला टेकून. तुम्ही म्हणता, “चुप वं, ऐकू जाईन.” आणि तुम्हीही हसता. डोळ्यांतून पाणी, हाताला पुरण, दोघी म्हाताऱ्या एकमेकींच्या अंगावर पडून हसत आहेत, आणि मी वेड्यासारखी उभी. अकरा वर्षांचं माझ्या पोटातलं तेव्हा बाहेर आलं. मी म्हटलं, “हसा तुम्ही. पयले सांगा, थो वस्तरा कोणाचा?”

काकू म्हणाल्या, “कोणता? आपल्या मास्तरचा काय वं?”

मग तुम्ही दार लोटलं आणि दोघींनी मिळून सांगितलं. एक सांगायची, दुसरी मोडायची. मामाजी जेलमध्ये, घरात तुम्ही एकट्या, मांडीवर दोन वर्षांचा मुलगा. वर्ध्याकडून, चांद्याकडून चळवळीतली पोरं पळून येत होती, मागे पोलीस. त्यांना नागपुरात चार दिवस लपवायचं आणि मग खाप्याला, तुमच्या माहेरी पोचवायचं. तुमचा भाऊ आठवड्याला बैलगाडीत भाजी घेऊन बाजाराला येई. परत जाताना गाडीत माहेरी निघालेली एक बाई बसलेली असे, डोक्यावरून पदर, मांडीवर बोचकं. खाप्याला कन्हान नदी ओलांडली की पुढे डोंगर, पलीकडे छिंदवाड्याचा मुलूख. तो भाग भावाचा. नागपूरचे चार दिवस तुमचे. ते कुठे काढायचे? धान्याच्या कोठ्या पोलीस पाहिल्याशिवाय सोडत नव्हते, माळ्यावर चढत होते, विहिरीत कंदील सोडत होते. त्यांनी कधीच पाहिली नाही अशी एकच जागा होती, आणि ती तुम्हाला भांडी घासता घासता सुचली. पोरगा आत, आणि दारात कांबळ्यावर तुम्ही, थाळी-लोटा बाजूला मांडून.

पहिली झडती आली ती श्रावणातल्या सोमवारी. आणि आले कोण, तर शेजारचेच हवालदार, काकूंचे यजमान, सोबत एक शिपाई. हवालदारांचा उपास, आंघोळ झालेली, कपाळाला भस्म, इथून महादेवाच्या देवळात जायचं होतं. घर पाहिलं, माळा पाहिला, अंगणात आले. तुम्ही दारातून हलल्या नाहीत. म्हणाल्या, “या भाऊजी, हे भी पाहून घ्या. मी सरकतो बाजूले. फक्त देवळात जायच्या पयले पुन्हा आंघोळ करजा.” हवालदार विहिरीच्या अलीकडेच थांबले. शिपायाला म्हणाले, “जाय, तू पाय.” शिपाई म्हणाला, “साहेब, माझा भी उपास हाये.” दोघांनी तिथूनच मान लांब करून अंधाराकडे पाहिलं आणि लिहून टाकलं की घर रिकामं आहे. आत कांबळ्याखाली एक पोरगा घाम गाळत पडलेला. हे सांगताना काकू स्वतःच्या नवऱ्याची नक्कल करत होत्या, मान लांब करून, आणि पुरणात हळदीचा हात पडला तरी त्यांना भान नव्हतं.

पण तुमचंही एक चुकलं होतं. घरातली एकटी बाई बाजूला बसली की शेजारणीने तिचं जेवण पाठवायचं, ही आपल्याकडची रीत. म्हणजे तुमची आणि तुमच्या लेकराची भाकरी काकूंना थापावी लागायची. पोलिसांचा, गल्लीचा, देवाचा सगळ्यांचा विचार तुम्ही केला, एवढ्या एका भाकरीचा नाही. पहिला पोरगा आला, तुम्ही चार दिवस बसल्या. दहा दिवसांनी दुसरा आला, पुन्हा बसल्या. आठवड्याने तिसरा. काकू भाकरी थापत होत्या आणि मोजत होत्या. ज्या बाईला दुसरीची भाकरी थापावी लागते तिला दिवसांचा विसर पडत नाही.

तिसरा तो मास्तर. खेड्यातल्या शाळेत शिकवणारा, बारीक, देवभोळा. तुमचं हिरवं लुगडं नेसवून, रोज त्या वस्तऱ्याने दाढीमिशी गुळगुळीत करवून तुम्ही त्याला तयार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही आत लेकराला दूध पाजत होत्या. मास्तरला काय वाटलं कोण जाणे, जन्माची सवय, उठला, विहिरीवर तोंड धुतलं, लोटा भरला आणि सरळ तुळशीला पाणी घालून हात जोडून उभा राहिला. बाजूच्या खोलीतून निघालेली बाई, आणि तुळशीला पाणी. भिंतीपलीकडे काकू कपडे वाळत घालत होत्या. त्या किंचाळल्याच, “अवं रांडे, बाहेरची असून तुळशीले शिवली?” पलीकडे हवालदार कडुनिंबाची काडी चावत उभे. ते विचारतात, “काय झालं वं?” आणि भिंतीकडे यायला लागतात.

तुम्ही धावत बाहेर आल्या आणि मास्तरच्या कानाखाली एक ठेवून दिली. हातातला लोटा पडला. काकू भिंतीवरून पाहत आहेत. लुगड्याखालून दिसणारे पाय, ते मोठे अंगठे, पोटरीवरचे केस. मग काकूंनी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही तशाच उभ्या. हवालदार तीन पावलांवर. काकू सांगत होत्या, “तेवढ्या तीन पावलांत मले समजलं वं, तीनदा काहून बसली थे. अन् मले राग आला का मी येवढ्या भाकरी थापल्या अन् हिनं मले सांगितलं नाई.” आणि नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या, “काई नाई. त्यायच्या घरची येडी पाहुणी हाये. तुम्ही आंघोळीले जा, नाईतर उशीर होईन.” हवालदार गेले. त्यांना भिंतीपलीकडल्या गोष्टींत आधीच रस नव्हता.

दुपारी काकू भाकरी घेऊन आल्या. दोनच्या ऐवजी पाच. दुरून ठेवल्या नाहीत, तुमच्या हातात दिल्या. म्हणाल्या, “त्याले सांग, लुगडं नेसाचं त काष्टा नीट घालाव, अन् चालताना हात हलवू नोको. अन् तू आता महिनाभर बसू नोको, गल्ली मोजते. पुढच्या येळी मी बसतो. माह्या घरी.”

तुम्ही म्हणाल्या, “हवालदाराच्या घरी?”

“तिथं झडती घ्यायले कोण येईन वं?”

आणि पुढचे दोन पोरगे सरकारी हवालदाराच्या अंगणातल्या खोलीत राहिले. काकू बाजूला बसलेल्या, म्हणून हवालदार स्वतः चुलीशी बसून भाकरी थापायचे, बायकोसाठी दुरून थाळी सरकवून ठेवायचे. ती भाकरी कोण खायचं ते तुम्हाला माहीत आहे. एका पोराने निरोप पाठवला होता म्हणे, भाकरी जाड आहे, जरा पातळ थापायला सांगा. हे ऐकून मी पाटावर बसले ती उठले नाही. अकरा वर्षं ज्या बाईवर मी नजर ठेवली, तिच्या वस्तऱ्याचं हे निघालं.

मी म्हटलं, मग बाहेर सांगत काहून नाही? बैठकीत हार कोणाला पडून राहिले? तेव्हा तुमचं हसू थांबलं. तुम्ही सांगितलं की मामाजी सुटून आले त्याच दिवशी तुम्ही त्यांना सगळं सांगितलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, माझ्या बायकोच्या त्या खोलीत परके पुरुष राहिले हे कोणाला कळलं तर मी तोंड कुठे दाखवू. एवढंच. पुन्हा विषय नाही. शिवाय ताम्रपटाला जेलचा दाखला लागतो. तुम्ही सापडल्या नाहीत, तर दाखला कोण देणार? मी चिडून उठले तर तुम्ही माझा हात धरून पुरणाच्या पातेल्यावर ठेवला. म्हणाल्या, “त्यायले आयुष्यात एक गोष्ट भेटली. कचेरीत कोणी इचारलं नाई, भावाबंदांत कोणी इचारलं नाई. राहू दे भिंतीवर. माह्या तोंडून गेलं नाई, तुह्या तोंडून जाऊ नोको.” आणि मला ओट्याकडे ढकललं, “पोळ्या लाट, पंगत बसून राहिली.” तुम्ही अशाच. मोठं काही बोललं की लगेच लाटणं हातात.

तर मी पाळली. तुम्ही गेल्यावर पाळली, मामाजी गेल्यावर पाळली. पण या वर्षी आपल्या जुन्या गल्लीतल्या वाचनालयाला मामाजींचं नाव द्यायचं ठरलं. माझ्या मुलाने पुढाकार घेतला, पेपरात फोटो दिला. तो फोटो आणि गल्लीचं नाव पाहून छिंदवाड्याकडून एक बाई आली, साठीपुढची, मराठी हिंदी मिसळून बोलणारी. तिचे वडील मास्तर होते. ते सांगायचे, नागपुरात हवालदाराच्या शेजारच्या घरात एका बाईने मला वाचवलं, कानाखाली मारलं आणि वाचवलं. नाव त्यांना कधीच कळलं नाही. माझा मुलगा ऐकतो आणि म्हणतो, “म्हणजे आमचे आजोबाच.” मी म्हटलं, “आजोबांनी लुगडं नेसून कानाखाली मारली काय रे?” तो म्हणाला, आई, तुला त्यातलं माहीत नाही. साठ वर्षांचा मुलगा, रिटायर झालेला, मला सांगतो की मला माहीत नाही. मी गप्प बसले. शपथ होती.

रविवारी मांडव, खुर्च्या, पडद्याखाली पाटी. मी पहिल्या रांगेत. मुलगा भाषण करतो, “आजोबांनी स्वतःच्या जिवावर उदार होऊन घरातल्या गुप्त खोलीत क्रांतिकारकांना आसरा दिला.” आजोबा तेव्हा जेलमध्ये होते, हे लेकाने मोजलंच नाही. गुप्त खोली म्हणाला, तिथे माझं डोकं फिरलं. बाकी सगळं मी गिळलं असतं, आत्याबाई, पण गुप्त खोली नाही. पडदा ओढायला मला वर नेलं आणि नगरसेवक म्हणाला, आजी, दोन शब्द बोला. मुलगा कानात म्हणाला, नुसता नमस्कार कर. मी माइक हातात घेतला आणि म्हटलं, “थे गुप्त खोली नव्हती. अख्ख्या गल्लीले माहीत होती. बायका महिन्याचे चार दिवस बसत होत्या तिथं, म्हणून कोणी पाहत नव्हतं. अन् ह्यायचे आजोबा तवा जेलात होते. लपवलं माह्या सासूनं.”

नगरसेवक आपल्या बुटांकडे पाहायला लागला. मी पिशवीतून वस्तरा काढला तर तो दोन पावलं मागे सरकला. मग मी सगळं सांगितलं, श्रावणी सोमवार, दोघांचे उपास, तुळस, काकूंच्या भाकऱ्या. तिसऱ्या रांगेत एक म्हातारी होती, माझ्याच वयाची. ती एकटीच हसायला लागली, अगदी काकू हसायच्या तशी. मग तिच्या शेजारची, मग कॉलेजच्या पोरी, मग सगळ्या बाया. पुरुषांना हसावं की नाही कळेना, ते बायकांकडे पाहून हसले. हवालदार जाड भाकरी थापतात इथे तर मांडव खाली यायचा बाकी होता. माझा मुलगा तेवढा लाल होऊन उभा, आणि मग तोही हसला, कारण त्याला तुमचा स्वभाव ठाऊक होता. मास्तरची मुलगी उठली, पिशवीतून घडी काढली. तुमचं हिरवं लुगडं. वडिलांनी जन्मभर सांभाळलेलं, दर दिवाळीला धुऊन वाळत घातलेलं. एका बाजूचा काठ फाडलेला होता. वस्तऱ्याची चिंधी मी शेजारी धरली, बरोबर जुळली. लुगडं विटलं आहे, जागोजाग विरलं आहे, पोतेरं करायच्याही कामाचं नाही. मी ते घडी करून ट्रंकेत ठेवलं आहे, वर डांबराच्या गोळ्या टाकल्या आहेत.

पाटी काढायला लावली नाही, काळजी नको. मामाजींचं नाव आहे तिथेच आहे. पण नातसुनेने सोमवारी पेंटर बोलावून खाली तुमचं नाव आणि काकूंचं नाव घालायला लावलं, त्यांच्या अक्षरांएवढ्याच अक्षरांत. पेंटरने विचारलं, या बायका कोण होत्या, तर ती म्हणाली, या दोघी शेजारणी होत्या. पोरगी हुशार आहे. तुमच्या हाताखाली असती तर तुमचंच डोकं फिरवलं असतं.

वस्तरा मी पिशवीत आधीच घालून नेला होता, म्हणजे मोडायचं ठरवूनच गेले होते, खोटं कशाला बोलू. आणि आता शपथ मोडण्यापेक्षा माझं एक पाप जास्त मोठं आहे, ते सांगून टाकते. वस्तरा सापडला त्या पहिल्याच महिन्यात मी माझ्या आईला सांगितलं होतं. म्हणून माझी आई तुमच्या घरी कधी पंगतीला बसली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. तुम्ही दर वेळी तिच्यासाठी पाट काढून तीळतेल गरम करून द्यायच्या, आणि ती ते तेल घेऊन घरी जायची पण जेवायची नाही. खरं कळायच्या आधी ती गेली. तिचे गुडघे शेवटपर्यंत ठणठणीत होते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लुगड्याच्या घडीत, वस्तऱ्याशेजारी राहील. माझ्या आईबद्दल तुम्ही काय म्हणाल ते मी तिथे आल्यावर समोरासमोर ऐकून घेईन, ते लिहून नको. पण मामाजींना विचारा, ताम्रपट छातीशी धरून बैठकीत बसले होते तेव्हा स्वयंपाकघरातलं हसू त्यांना ऐकू आलं होतं की नाही. याचं उत्तर त्यांनीच द्यायचं. तुम्ही त्यांच्या वतीने दाराआडून बोलायचं नाही.